कंबर बाळंतपणात जात नाही, नंतर घालवली जाते



"बाळंतपणात कंबर जायचीच, त्यात काय एवढं?" हे वाक्य मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकते आहे. तेव्हा ते साठीच्या बायका म्हणायच्या. आता मी स्वतः साठी ओलांडली आणि तेच वाक्य अठ्ठावीस वर्षांच्या सुनांच्या तोंडून ऐकू येतं. मूल तीन वर्षांचं झालं तरी जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, बस्तीच्या पायऱ्या चढताना कठडा धरावा लागतो. विचारलं की उत्तर तयार असतं, "बाळंतपणापासूनच आहे हो, काकू." जणू कंबरदुखी बाळंतविड्यातच बांधून येते.

मला आज या वाक्याशी भांडायचं आहे. बाळंतपणाने बाईची हाडं कायमची जात नाहीत. ती जातात त्यानंतरच्या वीस-तीस वर्षांत, आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्या डोळ्यांदेखत. आणि खापर फोडतो आपण त्या लेकराच्या जन्मावर.

मी डॉक्टर नाही, बी.कॉम. होऊन संसाराला लागलेली बाई आहे. पण जमाखर्च मला कळतो आणि हाडांचा विषय बराचसा जमाखर्चाचाच आहे. तो आधी मांडते.

बाईच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या सांगाड्यात सुमारे २५ ते ३० ग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून गेलेलं असतं. पुढे अंगावर पाजताना रोज साधारण २०० मिलिग्रॅम दुधावाटे जातं. सहा महिन्यांचा हिशेब केला तर ते ३५ ग्रॅमच्या आसपास होतं. म्हणजे एका बाळापायी आईच्या हातून साठ-पासष्ट ग्रॅम कॅल्शियम जातं. ऐकायला मोठं वाटतं खरं, पण निसर्गाने त्याची तजवीज केलेली आहे. गरोदरपणात आतडी अन्नातलं कॅल्शियम जवळजवळ दुप्पट शोषून घेतात. पाजण्याच्या काळात शरीर हाडांतून थोडी उचल घेतं. पहिल्या सहा महिन्यांत हाडांची घनता तीन ते पाच टक्क्यांनी कमी होते, काहींची मणक्यात त्याहून जास्त. मग पाळी सुरू झाली, बाळाचं अंगावरचं सुटलं, की सहा महिने ते वर्षभरात ही उचल बहुतेक बायकांत परत जमा होते. मुलं जास्त झालेल्या किंवा जास्त दिवस पाजलेल्या बायकांची हाडं म्हातारपणी अधिक मोडतात का, हे जगभरात तपासलं गेलं आहे. तसं काही ठोस सापडलेलं नाही.

म्हणून माझी पहिली विनंती ही की "हाडं झिजतील, लवकर सोडव" असं सांगून कुणा सुनेचं पाजणं बंद करू नका. पाजणं हे कर्ज आहे, ते फिटतं.

मग कमरा दुखतात त्या का? कारण "कंबर गेली" या एकाच शब्दाखाली आपण तीन वेगवेगळी दुखणी कोंबली आहेत.

पहिलं दुखणं स्नायूंचं. नऊ महिने पोटाचे स्नायू ताणलेले, सांधे सैल झालेले. त्यावर दिवसातून दहा वेळा वाकून पाजणं, पायांवर घेऊन आंघोळ घालणं, एका कमरेवर मूल घेऊन दुसऱ्या हाताने फोडणी देणं. पाजताना पाठीला टेकू आणि बाळाखाली उशी घेतली, आईने मूल तोंडाशी आणलं, स्वतः वाकली नाही, तर यातलं निम्मं दुखणं सुरूच होत नाही. पण पाठीला लोड कुणी देत नाही, पट्टा मात्र सगळे बांधतात. पट्ट्याने आधार वाटतो, स्नायू बळकट होत नाहीत. ते व्यायामानेच होतात.

दुसरं दुखणं ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं. हे फसवं असतं. नुसती कंबर दुखत नाही. मांड्या, नडग्या, बरगड्या, सगळीकडे खोलवर ठणकतं. मांडी घालून बसलं की उठवत नाही, जिना चढवत नाही, चाल डुलती होते. घरचे म्हणतात, बाळंतपणात अंग जड झालं. प्रत्यक्षात हाड मऊ पडलेलं असतं. हे साध्या रक्ततपासणीत कळतं आणि औषधाने बरं होतं. बरं होणारं दुखणं एखादी बाई दहा वर्षं अंगावर काढते, कारण चार वडीलधाऱ्यांनी तिला सांगितलेलं असतं की हे असंच असतं. माझा राग आहे तो इथे.

तिसरं दुखणं फार क्वचित होतं, पण माहीत असायला हवं. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पाठीत एकाएकी असह्य कळ आली, उभं राहवेना, उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर मणक्याचं हाड दबलेलं असू शकतं. अशा वेळी मालिशवाल्या बाईला बोलावू नका. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि ती सुई! "सिझेरियनला पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली." दहातल्या आठ जणी हेच सांगतात. सुई दिलेल्या जागी काही दिवस दुखतं, कुणाला डोकेदुखी होते, हे खरं. पण सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केली, तर वर्षानुवर्षांची कंबरदुखी दोन्हीकडे सारखीच दिसते. सुईला दोष दिला की बाकी काही तपासायची गरज उरत नाही, म्हणून ती सगळ्यांच्या सोयीची झाली आहे.

आता मला ठरलेला प्रश्न येणार. "आमच्या आजेसासूबाईंना आठ मुलं झाली, कधी गोळी खाल्ली नाही, नव्वदीपर्यंत ताठ होत्या." असतील. पण त्यांच्या बरोबरीच्या ज्या बाळंतपणातच गेल्या, त्यांची गणती कोण करतं? ज्या पन्नाशीतच कमरेत वाकून काठी टेकत चालायच्या, त्यांना आपण म्हाताऱ्या म्हणून सोडून दिलं. उरल्या त्या ताठ, त्यांचेच दाखले आपण देतो. शिवाय त्या ताठ आजी काय करत होत्या तेही बघा. पहाटे जात्यावर दळण, विहिरीचं पाणी, दुपारच्या उन्हात अंगणात वाळवणं, दारात गाई-म्हशी आणि घरात ताकाचा डेरा. त्यांचं जे घ्यायचं ते आपण घेतलं नाही. ऊन सोडलं, कष्ट सोडले, ताक सोडलं. धरून ठेवलं एकच, "आम्ही नाही का केलं" हे वाक्य.

आता रोजच्या ताटाचा हिशेब. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे मोठ्या बाईला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं आणि पाजणाऱ्या आईला १२००. आपल्या घरातल्या एका सर्वसाधारण सुनेचं ताट मी कागदावर मांडलं. दोन कप चहातलं दूध, एक पेलाभर पातळ ताक, दोन चपात्या, एक शाळूची भाकरी, वाटीभर आमटी, भाजी. बेरीज चारशेच्या पुढे जाईना. शाळूची भाकरी आपल्या सांगली-कोल्हापूरकडची जीव की प्राण, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तिसाच्या आतच असतं. तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. दहापटीहून जास्त!

आता तेच ताट थोडं बदलून बघा. दोन पेले दूध, म्हणजे ४०० मिली, त्यातून ४८० मिलिग्रॅम. मोठी वाटी घट्ट दही, २०० च्या आसपास. एक नाचणीची भाकरी किंवा वाटीभर घट्ट आंबील, २००. दोन चमचे तिळाची चटणी, शंभर-सव्वाशे. तिळातलं सगळंच अंगी लागत नाही, म्हणून मी कमीच धरते. आमटी-भाजी-चपातीचे मिळून दीडशे. झाले की नाही साडेअकराशे? यात एकही महागडा डबा नाही, अभक्ष्य काही नाही, चातुर्मासात पालेभाजी बंद असली तरी अडत नाही. एरवी शेवग्याचा पाला, राजगिऱ्याचा पाला चांगला. पालकाचा मात्र फार भरवसा धरू नका, त्यातलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळत नाही.

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू करा, जरूर करा. मीही करते. पण सव्वा महिना लाडू खाऊ घातले की बाळंतिणीचं देणं फिटलं, ही समजूत सोडा. उचल परत जमा व्हायला लागते ती पाजणं कमी झाल्यावर, म्हणजे आपले लाडवाचे डबे रिकामे होऊन कपाटात गेल्यानंतर. आपलं सगळं कौतुक चाळीस दिवसांचं आणि बाईला गरज दीड-दोन वर्षांची. त्या चाळीस दिवसांतही "दही नको, थंड पडेल", "ताक नको", "दुधाने बाळाला कफ होईल" म्हणत कॅल्शियमच्या मुख्य वाटाच आपण बंद करतो. आईने वाटीभर ताजं दही खाल्लं म्हणून बाळाला सर्दी होत नाही. घरातला कुणी खोकत असताना बाळ हातात घेतो, त्याने होते.

दुसरी बंद वाट उन्हाची. कॅल्शियम कितीही खाल्लं तरी ड जीवनसत्त्व नसेल तर ते अंगी लागत नाही, आणि आपल्यासारख्या शाकाहारी घरांत अन्नातून ते जवळजवळ मिळतच नाही. त्याचा खरा झरा म्हणजे ऊन. आपण बाळंतिणीला कोंदट खोलीत, पडदे ओढून, डोक्याला फडकं गुंडाळून ठेवतो. बाहेर नेलंच तर सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात. ते सुखद असतं, पण ज्या किरणांनी कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, ते त्या वेळी फार कमी असतात. ऊन हवं ते सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधलं, हातांवर, पाठीवर, पायांवर थेट पडणारं. वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाच दिवस. कडक उन्हाळ्यात दहा-साडेदहालाच उरकून घ्यावं, डोकं झाकून घ्यावं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन या कामाचं नाही. गच्चीवर पापड-सांडगे वाळत घालायला आपण सुनेला पाठवतो, तशीच तिला तिच्यासाठी पाठवा. आणि हे केवळ आईपुरतं नाही. आईच्या अंगात ड जीवनसत्त्व नसेल तर तिच्या दुधातही ते नसल्यातच जमा, आणि बाळाला मुडदूस होण्याची भीती. म्हणून तर बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. ते थेंब "एवढ्याशा जिवाला कशाला औषध" म्हणत बंद करू नका.

आता जरा नाजूक विषय. दिवस मावळायच्या आत जेवण हा आपला आचार. मी तो पाळते आणि मला तो प्रिय आहे. पण संध्याकाळी साडेपाचला आपल्या घरांत काय चालतं ते आठवा. सासरे जेवतात, नवरा दुकानातून धावत येऊन जेवतो, मुलं जेवतात. सून तव्यापाशी. तेवढ्यात बाळ उठतं, ती पाजायला बसते. पाजून येते तोवर दिवस मावळलेला. "राहू दे, आज भूक नाही," म्हणत ती ताट झाकते. हिवाळ्यात सहाला मावळलेला दिवस, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा नाश्ता उरकून तिच्या तोंडात घास पडायला आठ-नऊ वाजतात. म्हणजे चौदा-पंधरा तास पोटात अन्न नाही, आणि रात्रभर बाळ अंगावर पितं आहे. मला सांगा, हा रात्रीभोजन त्याग तिने केला की तिच्याकडून झाला? नियम पाळायचा तर तिचं ताट सगळ्यांत आधी वाढलं पाहिजे. पाच वाजता, सासऱ्यांच्याही आधी. यात कुणाचा मान जात नाही.

उपवासांचंही तसंच. पर्व आलं की कुणी किती उपवास केले याची मंडळात चर्चा होते, हारतुरे होतात. त्यात आठ महिन्यांचं बाळ अंगावर असलेली सून असेल तर टाळ्या जास्तच. "अंगावर मूल असून केलं हो!" मला त्या टाळ्यांचा त्रास होतो. सोळाकारण भावनांची नावं आपण दरवर्षी भाद्रपदात म्हणतो. त्यात शक्तितस्त्याग आहे, शक्तितस्तप आहे. शक्तीनुसार त्याग आणि शक्तीनुसार तप. शक्ती झाकून ठेवू नये आणि शक्तीबाहेर जाऊही नये, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या रक्ताहाडांतून दुसऱ्या जिवाला पोसणाऱ्या बाईची शक्ती त्या काळात कुठे खर्च होते आहे, हे सांगायला विद्वान लागत नाही. तिने त्या वर्षी स्वाध्याय करावा, जप करावा, रस-त्याग करायचाच तर तळणीचा करावा, दुधाचा नको. आणि तिने नाही केला उपवास तर "आजकालच्या मुलींना झेपतच नाही" हे शब्द आपण गिळावेत. तोही एक संयमच आहे.

आणखी एक सांगते, जरा झोंबेल. गावात महाराज आले की आपण चौका लावतो. कुणा महाराजांनी मीठ सोडलंय, कुणाचा दुधाचा त्याग आहे, कुणाला रस आधी द्यायचा, सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. शुद्ध दूध मिळावं म्हणून पहाटे गोठ्यापर्यंत जातो. ही भक्ती मोठी आहे, ती असावीच. पण त्याच घरातल्या पाजणाऱ्या सुनेने आज पेलाभर दूध प्यायलं का, हे त्याच बाईला विचारा. तिला सांगता येणार नाही. दूध मुलांना दिलं, सासऱ्यांना दिलं, उरलं त्याचा चहा झाला. आहारदानाची एवढी बारीक नजर आपल्याला आहे, तिचा एक कोपरा घरातल्या बाळंतिणीकडे वळवायला काय हरकत आहे?

आता गोळ्यांकडे येते. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्ये सूचना काढली. गरोदर बाईला चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत आणि पुढे सहा महिने, रोज दोन गोळ्या. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड जीवनसत्त्व. त्या सरकारी आरोग्य केंद्रातून फुकट द्यायच्या असतात. आपण खासगी दवाखान्यात बाळंतपण करतो, सहाव्या आठवड्याला टाके दाखवतो आणि तिथे फाईल बंद. पुढच्या साडेचार महिन्यांच्या गोळ्या कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. विचारा. घेताना जेवणाबरोबर घ्याव्यात, आणि लोहाच्या गोळीत आणि यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. एकत्र घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही.

पण आपल्या बायका गोळी टाळतात त्याला आणखी एक कारण आहे आणि ते खोटं नाही. मऊ, चकचकीत कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून निघतं. काही गोळ्यांतलं कॅल्शियम शिंपल्यांपासून काढलेलं असतं. हे कळल्यावर आपल्यातली बाई गोळी तोंडात घालणार नाही, आणि तिचं बरोबरच आहे. मात्र त्यावरचा उपाय गोळीच सोडून देणं हा नाही. वेष्टनावर 'ऑयस्टर शेल' असं छापलंय का बघा. चुनखडीच्या दगडापासून केलेलं कॅल्शियम सर्रास मिळतं. कॅप्सूलऐवजी साधी गोळी, पूड किंवा थेंब मागा. ड जीवनसत्त्वाचा डी ३ हा प्रकार बहुधा मेंढीच्या लोकरीतून धुऊन काढलेल्या मेणापासून होतो. त्यासाठी मेंढी मारत नाहीत, तरी ज्यांना तोही नको त्यांच्यासाठी डी २ आहे, तो प्राण्यांपासून येत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "आम्ही जैन आहोत, यातलं काय चालेल ते लिहून द्या." लाजून गप्प बसायचं आणि घरी येऊन पुडी कचऱ्यात टाकायची, यात धर्मही साधत नाही आणि हाडंही.

याच्या उलट टोकाच्याही काही जणी आहेत. ६०,००० युनिटची ती आठवड्याची पुडी शेजारणीने घेतली म्हणून आपणही वर्षभर घेत राहायची! ड जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. ती पुडी रक्त तपासून, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे घ्यायची. आणि जाहिरातीतल्या बायकांसाठीच्या पावडरी? डबा उलटा करून वाचा. साखर किती, कॅल्शियम किती, आणि तेवढ्याच पैशांत दूध किती लिटर आणि नाचणी किती किलो येते, ते मांडून बघा. मी मांडलं, मग डबा आणला नाही.

शेवटची गोष्ट म्हणजे हालचाल. हाड हे पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखं नसतं. त्याच्यावर भार पडला तरच ते घट्ट होतं. पहिले काही आठवडे विश्रांती हवीच, सिझेरियन असेल तर आणखी. पण डॉक्टरांनी हो म्हटल्यावर चालणं, जिना, पोटाचे आणि पाठीचे सांगितलेले व्यायाम सुरू झालेच पाहिजेत. रोजचा अर्धा तास तिचा, त्या वेळी बाळ आजीकडे. सुनेने चालायला जाणं म्हणजे फिरायला जाणं नव्हे, आणि गेलीच फिरायला तर काय बिघडलं?

हे सगळं बाळंतपणापुरतं आहे असं समजू नका. हाडांची मोठी जमा तिशीपर्यंत होते आणि पाळी थांबली की पहिली काही वर्षं ती भराभर कमी होते. बीजकोशांसह पिशवी लवकर काढली असेल तर ही घसरण आणखी आधी सुरू होते. म्हणजे पंचविशी ते पंचेचाळीस ही वीस वर्षं बाईच्या हातात आहेत, आणि नेमकी तीच आपण तिला उरलंसुरलं खायला घालून काढतो. मग साठीत न्हाणीघरात पाय घसरला की खुब्याचं हाड मोडतं, आणि भेटायला येणारे म्हणतात, "बाळंतपणं झाली ना, हाडं ठिसूळच होणार." नाही हो. बाळंतपणाचं कर्ज केव्हाच फिटलं होतं. ही तूट त्यानंतरची आहे.

म्हणून माझ्या वयाच्या सासूबाईंना माझं सांगणं आहे की सुनेला खोलीतून उन्हात आणा, दूध तिच्या हातात द्या आणि ती पिईपर्यंत तिथून हलू नका, आणि तिचं ताट पाच वाजता वाढा. सुनांनो, "मला काही नको" म्हणायची सवय मोडा. दुखणं तीन महिन्यांवर गेलं तर तपासून घ्या, आणि तपासायला जाताना कुणाची परवानगी मागू नका, फक्त बाळ कुणाकडे ठेवायचं तेवढं विचारा. आणि आपल्या महिला मंडळांना सुचवते की पुढच्या वेळी डोहाळजेवणाला स्टीलचा डबा देण्याऐवजी पाच किलो नाचणी द्या. औषधदानाच्या यादीत बाळंतिणीच्या कॅल्शियमच्या गोळ्या घाला, जिलेटिन नसलेल्या. पर्वात उपवासांचा सत्कार होतो त्याच व्यासपीठावर, पाजणाऱ्या आईने या वर्षी उपवास केला नाही हेही मानाने सांगा.

आणि कुणी तुमच्यासमोर "बाळंतपणात कंबर जायचीच" म्हणालं, तर त्यांना विचारा, "आज सुनेने दूध प्यायलं का?"

जय जिनेंद्र.